अणुऊर्जेपासून वीज कशी बनते? फायदे-तोटे काय? आणि मराठवाड्यात असा प्रकल्प का नाही?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: पाणी नाही म्हणून. बाकीच्याला जरा वेळ लागेल, कारण या अणूपायी माझी एक सोयरीक मोडलेली आहे.

मी टर्बाइन फिटर. आयटीआय करून आठ वर्षं कोळशाच्या केंद्रांत ओव्हरहॉलची कामं केली, मग एका कंत्राटदारासोबत तारापूरच्या अणुकेंद्रात ३ आणि ४ नंबरच्या युनिटांवर गेलो. ५४० मेगावॅटची ही युनिटं २००५-०६ ला सुरू झालेली. पहिल्या दिवशी टर्बाइन हॉलमध्ये शिरलो तर चक्क हिरमोड झाला. तीच क्रेन, तोच ऑईलचा वास, शेजारच्या चालू मशीनचा तोच कान बसवणारा आवाज. मला वाटलं होतं कुठंतरी निळं काही चमकत असेल. अणुवीज म्हणजे शेवटी पाणी उकळा, वाफ करा, टर्बाइनचं चाक फिरवा, की त्याला जोडलेलं जनित्र वीज देतं. वेगळी आहे ती फक्त चूल.

चुलीत युरेनियम. त्यातला २३५ जातीचा अणू न्यूट्रॉन लागला की फुटतो, उष्णता देतो आणि आणखी दोन-तीन न्यूट्रॉन सोडतो. ते पुढचे अणू फोडतात. आमच्या युनिटांत जड पाणी (जड जातीच्या हायड्रोजनचं पाणी) ही उष्णता उचलून नेतं आणि नळ्यांच्या भिंतीआडून साध्या पाण्याला देतं. दोन्ही पाणी एकत्र येत नाही, म्हणून टर्बाइनला येणारी वाफ साधीच. (तारापूरच्याच १ आणि २ नंबरला, १९६९ च्या युनिटांत, भट्टीतली वाफ थेट टर्बाइनला जाते. तिथली काळजी वेगळी. मी तिथं काम केलेलं नाही.)

फिटरला कळणारा फरक टर्बाइनच्या पात्यांवर दिसतो. कोळशाच्या २१० मेगावॅटच्या सेटला वाफ मिळते ५३५ अंशांची, कोरडी. अणूची वाफ अडीचशे अंशांच्या आसपास आणि ओलसर. मधे ओल काढायचं भांडं असतं, तरी केसिंग उघडलं की शेवटच्या रांगेतल्या पात्यांच्या कडा उंदरानं भाकरी कुरतडावी तशा झालेल्या. बोट फिरवलं की कानशीसारखं लागतं. वाफच कमी तापलेली, म्हणून १०० भाग उष्णतेतून वीज निघते ३० भागांच्या आसपास. उरलेले ७० थंड करायच्या पाण्यात. हे ७० ध्यानात ठेवा.

आता सोयरीक. एप्रिल २०११. जपानच्या फुकुशिमा अणुकेंद्रातल्या अपघाताला महिना झालेला, टीव्हीवर ती छप्पर उडालेली इमारत दिवसातून दहा वेळा. आम्ही मुलगी बघायला गेलो ते गाव कोळशाच्या एका केंद्राच्या राखेच्या तळ्यापासून दोन-तीन किलोमीटरवर. उन्हाळी वारं सुटलेलं. पोह्याच्या बश्या आल्या त्या वर्तमानपत्र झाकून, राख पडू नये म्हणून. मुलीचे चुलते निवृत्त मास्तर, तेही विज्ञानाचे. त्यांनी मला बसायला दिलेली खुर्ची उपरण्यानं झटकली, करडा भपका उठला, उपरणं परत खांद्यावर टाकलं आणि माझ्याकडं न बघता माझ्या मामांना विचारलं, "पोरगं अणूत हाय म्हनं. किरणं लागतेत त्यायला. उद्या लेकरं-बाळं व्हतील का?"

माझी आई समोर बसलेली. मामा म्हणाले, तसं काही नसतं. मास्तर म्हणाले, "अणू म्हंजे बॉम्बच की ओ शेवटी."

आठ दिवसांनी मध्यस्थाचा फोन आला, पत्रिका जुळत नाही. पत्रिका त्यांनी मागितलीच नव्हती.

तेव्हा मला बोलता आलं नाही, म्हणून इथं लिहितो. बॉम्बला युरेनियम-२३५ साधारण ९० टक्के लागतं. आमच्या भट्टीत खाणीतून येतं तसंच घालतात, त्यात ते ०.७ टक्के. बॉम्बसारखा स्फोट त्यातून होऊच शकत नाही. टीव्हीवर छप्पर उडालं ते हायड्रोजन वायूनं. किरणांचं म्हणाल, तर भट्टीच्या बाजूला काम असलं की छातीला बिल्ला लावतात, तो महिन्याच्या महिन्याला तपासला जातो. कामगाराला पाच वर्षांच्या सरासरीनं वर्षाला २० मिलीसीव्हर्टची (हे अंगाला लागलेली किरणं मोजायचं माप) मर्यादा आहे, आणि जगातल्या कुणाही माणसाला जमीन, आकाश, खाणं यांतून सरासरी २.४ मिळतातच. माझा आकडा मर्यादेच्या कितीतरी खाली राहिला. आणि मास्तर, कोळशातही चिमूटभर युरेनियम-थोरियम असतं, जळाल्यावर ते राखेत उतरतं. तेवढ्यानं कुणी मरत नाही. पण उपरण्यावर कुणाच्या काय होतं, ते बघायला हवं होतं.

फायदे विचारले आहेत. २१० मेगावॅटचा एक सेट दिवसाला तीन-साडेतीन हजार टन कोळसा खातो आणि त्यातला तिसरा हिस्सा राख होऊन उरतो. ५४० मेगावॅटच्या भट्टीला दिवसाला अडीचशे किलोच्या आसपास युरेनियम पुरतं. धूर नाही, राख नाही, रात्री-पावसाळ्यात वीज चालूच. एवढं असून देशाच्या विजेत अणूचा वाटा ३ टक्क्यांच्या आसपासच आहे, कारण केंद्र बांधायला वर्षानुवर्षं लागतात आणि पैसा आधी ओतावा लागतो. जैतापूरचं किती वर्षं ऐकतोय बघा.

आता ते ७० भाग. कोळशाच्या केंद्रात थोडी उष्णता चिमणीतून तरी जाते, इथं जवळजवळ सगळी पाण्यालाच द्यायची. म्हणून तारापूर, कल्पाक्कम, कुडनकुलम समुद्रावर. काक्रापार तापीकाठी, कैगाला कद्रा धरण, रावतभाट्याला राणा प्रताप सागर. आपल्याकडं २०१३ च्या दुष्काळात खडका बंधारा आटला म्हणून परळीचं कोळशाचं केंद्र बंद ठेवावं लागलं. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं प्यायचं पाणी आणलं. तिथं कुठला पुढारी अणुकेंद्र आणतो म्हणाला तर त्याला आधी धरण दाखव म्हणा. मराठवाड्यात ऊन आहे, त्याचं काय ते बघावं.

स्थळ आलंय आणि मुलगा अणुकेंद्रात आहे म्हणून विचारत असाल, तर त्याच्या बिल्ल्याचा रेकॉर्ड मागा, पत्रिका नको. माझं २०१२ ला लग्न झालं, दोन मुली आहेत, धाकटी नको इतकी धडधाकट. एका घरावरून काही सिद्ध होत नाही, हेही खरं.

तोटेही आहेत. वापरलेलं जळण हजारो वर्षं किरणं सोडत राहतं. आपण त्यातलं कामाचं काढून घेतो, उरलेलं काचेत ओतून ठेवतो, पण ते खोल जमिनीत कायमचं पुरायची जागा देशात अजून नाही. दुसरा तोटा मास्तरांमुळं सांगावा लागतो. त्या दिवशी निघताना त्यांनी विचारलं होतं, "पर बंद केली की थंड व्हती का लगेच?" मी म्हणालो, होते, कोळशासारखीच. ते चूक होतं. भट्टी बंद केली तरी सुरुवातीला सहा-सात टक्के उष्णता निघतच राहते. आमच्या युनिटाला (५४० ही नुसती वीज, भट्टीची उष्णता तिच्या तिपटीहून जास्त) ती शंभरेक मेगावॅट भरते, आणि ती हळूहळू उतरेपर्यंत पाणी फिरवत ठेवावंच लागतं. फुकुशिमात भट्ट्या भूकंपानं आपोआप बंद झाल्याच होत्या. त्सुनामीनं पंपांची वीज गेली आणि पाणी फिरायचं थांबलं. एवढा एक प्रश्न त्यांनी बरोबर विचारला होता. सोयरीक त्यावरून मोडली नाही, ते वेगळं.