घराचा अर्धा भाग रस्त्यात जातोय, चेकवर सही करू का?

प्रश्न: गावातला रस्ता रुंद होतोय. संयुक्त मोजणीत घराच्या पुढच्या दोन खोल्या आणि ओटा गेला, मागं फक्त स्वयंपाकघर अन् न्हाणीघर राहतंय. २०१३ च्या भूसंपादन कायद्याखाली प्राथमिक अधिसूचना निघालीय. सगळे म्हणतायत चेक मिळाला की सही करून टाका, कोर्टाचं नंतर बघू. काय करू?
– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर: नुसती सही अजिबात करू नका! पैसे घ्या, पण "निषेध नोंदवून स्वीकारतो" असं लेखी देऊन घ्या आणि त्याची पोच ठेवा. कलम ७७ सरळ सांगतं की निषेध न नोंदवता रक्कम घेतली तर वाढीव मोबदल्यासाठी कलम ६४ चा अर्ज करता येत नाही. कितीतरी घरांचा हक्क असाच गेलाय, आणि तोही साहेबांनी दाखवलं तिथं सही केली म्हणून, ह्याचा मला फार त्रास होतो. निवाड्याच्या, म्हणजे मोबदला ठरवणाऱ्या आदेशाच्या, वेळी तुम्ही हजर असाल तर ह्या अर्जाला सहाच आठवडे मिळतात, त्यामुळे "नंतर बघू" हे डोक्यातनं काढा.

आता घराचं. कलम ९४ प्रमाणे घराचा तुकडाच घ्यायचा असेल आणि मालकाची इच्छा पूर्ण घर घ्यावं अशी असेल, तर सरकारला फक्त तुकडा घेता येत नाही. हे तुम्हाला कोणी आपणहून सांगणार नाही, तुम्हीच मागायचं. हरकतीला अधिसूचनेपासून ६० दिवस असतात, त्यातच लेखी मागणी घाला, सोबत ग्रामपंचायतीचा घराचा उतारा, घरपट्टीच्या पावत्या, मोजणीचा नकाशा आणि आत्ताचे फोटो जोडा, पुढच्या खोल्या पाडल्यावर काय फोटो काढणार?

हिशोबही तपासा. १८९४ च्या जुन्या भूसंपादन कायद्यात दिलासा रक्कम (जमीन सक्तीनं घेतल्याबद्दल किमतीवर मिळणारी जादा रक्कम) शेवटी शेवटी ३० टक्के होती, २०१३ च्या कायद्यानं ती १०० टक्के केली. म्हणजे ग्रामीण भागात जमिनीचा बाजारभाव ५ लाख आणि गुणांक (बाजारभावाला ज्यानं गुणायचं तो आकडा) २ धरला तर १० लाख, त्यात घराची किंमत समजा ८ लाख, झाले १८, आणि तेवढीच दिलासा रक्कम धरून ३६ लाख. वर बाजारभावावर वर्षाला १२ टक्के वेगळे. गुणांक १ ते २ मध्ये राज्य ठरवतं, तो निवाड्यात काय लावलाय ते बघाच. बाजारभावही नुसत्या रेडी रेकनरवर (सरकारी दरांच्या तक्त्यावर) थांबत नाही, आसपासच्या आधीच्या तीन वर्षांच्या खरेदीखतांमधल्या वरच्या निम्म्यांची सरासरी काढतात आणि जास्त येईल तो आकडा धरायचा असतो. तेव्हा दुय्यम निबंधकाकडनं खरेदीखतांच्या नकला आजच काढा.

एक मात्र लक्षात ठेवा, हे सगळं २०१३ च्या कायद्याचं झालं. शेजारच्या कोणाला राष्ट्रीय महामार्गाची नोटीस असेल तर तिथं १९५६ चा कायदा, हरकतीला २१ दिवस, आणि रक्कम मान्य नसेल तर लवादाकडं जायचं.

प्रश्न: मोबदल्यावर इन्कम टॅक्स लागतो का?
– एक वाचक, जालना

उत्तर: २०१३ च्या कायद्याखालच्या निवाड्यावर नाही, कलम ९६ बघा. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळानं २०१६ च्या ३६ क्रमांकाच्या परिपत्रकात तेच स्पष्ट केलंय. टीडीएस कापायला लागले तर ह्या दोन्हीची झेरॉक्स लावून अर्ज द्या.