आईला आधी पाठवलं तर मागून आमचं होईल का?

देवगड-कणकवली पट्ट्यात ज्या घरातलं कुणी अमेरिकेत स्थायिक आहे, त्या घरातून हा प्रश्न माझ्याकडे हमखास येतो. आई-वडिलांचं ग्रीन कार्ड, म्हणजे तिथे कायम राहण्याचा परवाना, लवकर होतं म्हणे, मग त्यांना आधी पाठवलं तर मुलाबाळांचं काम लवकर होईल का? प्रश्न कायद्याचा वाटतो, म्हणून लोक एजंट गाठतात. समुपदेशनासाठी माझ्याकडे येईपर्यंत घरात अबोला सुरू झालेला असतो.

सुनीताताई (नावं बदलली आहेत) आल्या त्या झोप लागत नाही म्हणून. बोलता बोलता मूळ दुखणं बाहेर आलं. त्यांची नणंद न्यू जर्सीत, तिकडची नागरिक. तिने २०१२ साली भावासाठी, म्हणजे सुनीताताईंचे यजमान दिलीपराव यांच्यासाठी, ग्रीन कार्डचा अर्ज भरला. तेव्हापासून दिलीपरावांचं सगळं ‘आता जायचंच आहे’ या बोलीवर चाललेलं. हापूसची बाग कराराने दिलेली. करारवाला फळ उतरवून नेतो, झाडाकडे ढुंकून बघत नाही. कलमांवर बांडगुळं माजलीत. पडवी गळते, पण घर शाकारायचं दरवर्षी पुढच्या वर्षावर जातं. लेक बारावीत आहे. तिला विचारलं पुढे काय, तर म्हणते, ‘बाबा सांगतील.’

त्यात मुंबईच्या कुणा एजंटाने डोक्यात भरवलं की आईला आधी पाठवा, ती मुलाला बोलावून घेईल.

मी पुढच्या वेळी सगळ्यांनाच या म्हटलं. बहात्तर वर्षांच्या आजी नऊवारीचा पदर नीट करत खुर्चीच्या कडेला टेकल्या. मी आधी त्यांनाच विचारलं, तुम्हाला जायचंय का? त्यांनी मुलाकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं. मग म्हणाल्या, ‘माका थंय जावचा नाय. झिलाचा काम होतला म्हणान मी व्हय म्हटलंय.’

दिलीपराव म्हणाले, ‘आई, तू आधी कधी बोलली नाहीस!’

‘तू इचारलंस कधी?’

मी वकील नाही, तसा आव कधी आणत नाही. पण इतकी वर्षं ही घरं बघताना एक कळलंय, की निम्मी चिंता चुकीच्या माहितीवर पोसलेली असते. ती दूर केल्याशिवाय भावनांवर बोलण्यात अर्थ नसतो. म्हणून मी कोरा कागद घेतला आणि दिलीपरावांनाच लिहायला लावलं.

नागरिक झालेल्या मुलीला आईसाठी अर्ज करता येतो, त्याला वार्षिक मर्यादा नाही, तो खरंच तुलनेने लवकर निघतो. इथपर्यंत एजंट खरं बोलला. पुढचं त्याने गाळलं. नुसतं ग्रीन कार्ड असलेल्या आईला लग्न झालेल्या मुलासाठी अर्जच करता येत नाही. त्यासाठी तिने आधी नागरिक व्हायला हवं. म्हणजे साधारण पाच वर्षं तिथे राहणं आणि मग परीक्षा, तीही इंग्रजीतून. वयामुळे इंग्रजीची सूट मिळते, पण ती पंधरा-वीस वर्षं ग्रीन कार्डवर काढलेल्यांना. चौथीपर्यंत शिकलेल्या आजी सत्त्याहत्तराव्या वर्षी ही परीक्षा पास झाल्या असं धरलं, तरी नागरिकांच्या विवाहित मुलांची रांग वेगळी. भारतासाठी ती २०२५ मध्ये २०११ साली भरलेल्या अर्जांपाशी पोचली होती. दिलीपरावांनी बेरीज केली. आकडा नव्वदीच्या वर गेल्यावर पेन खाली ठेवलं.

बरं, तोवर आजींनी तिथेच राहायचं. ग्रीन कार्ड म्हणजे येण्याजाण्याचा पास नव्हे. सहा महिन्यांहून जास्त काळ बाहेर राहिलं तर परतताना चौकशी होते, परवानगीशिवाय वर्ष उलटलं तर कार्डच धोक्यात. शिवाय ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्यविम्यात पैसे भरून शिरायचं तरी आधी पाच वर्षं सलग तिथे राहावं लागतं. मुलीला भेटायला म्हणून जाऊन यायचं असेल तर पर्यटक व्हिसा पुरतो. ही गोष्ट त्या घरात कुणी उच्चारलीच नव्हती.

आता बहिणीवरचा राग. ‘ताई मनावर घेत नाही’ हे दिलीपरावांचं पालुपद. मध्ये भाच्याच्या मुंजीला जायला व्हिसा नाकारला, तोही तिच्याच माथी मारला. खरं तर भावंडांच्या गटाला वर्षाला ६५,००० जागा, त्याही साऱ्या जगात मिळून, आणि त्यात बायकोमुलंही मोजली जातात. शिवाय देशागणिक मर्यादा. २०२५ मध्ये भारताचा नंबर २००६ च्या अर्जांवर होता. तारीख काही महिने सरकते, काही महिने जागची हलत नाही. ताईने रोज फोन केला तरी फरक पडणार नाही. आणि पर्यटक व्हिसाच्या फॉर्मवर तुमच्यासाठी असा अर्ज कधी कुणी भरलाय का हे विचारलेलं असतं. तिकडेच राहायचा अर्ज टाकलेल्या माणसाने ‘परत येणार’ म्हटलेलं अधिकाऱ्याला सहजी पटत नाही. यात ताईचा काय दोष? हे ऐकून दिलीपराव बराच वेळ गप्प होते. राग गेला असं मी म्हणणार नाही, पण पाहुण्यांसमोर ताईला बोल लावणं थांबलं, हे सुनीताताईंनी नंतर सांगितलं.

लेकीचं मात्र मला स्वतंत्र बोलावंसं वाटलं. एकविशी ओलांडलेलं मूल आई-वडिलांच्या अर्जातून गळतं. २००२ च्या कायद्याने थोडी सवलत आहे: अर्ज मंजूर व्हायला जितका वेळ लागला तेवढा वयातून वजा होतो. रांगेतली पुढची वर्षं वजा होत नाहीत. ‘अर्ज भरला तेव्हा वय गोठलं’ असं लोक समजतात ते चूक. ताईच्या अर्जाची मंजुरी चार वर्षांनी आली होती. म्हणजे पंचविशीच्या आत नंबर लागला आणि तोवर लग्न केलं नसेल, तरच मुलीचं जमेल. तिला हे सरळ सांगितलं. ती रडली नाही, उलट म्हणाली, ‘मग मी नर्सिंगचा फॉर्म भरते.’ मैत्रिणींबरोबर तिने माहिती आधीच काढून ठेवली होती! मुलं आपल्या पुढे असतात, आपणच त्यांना दारात उभं करून ठेवतो.

अर्ज मागे घ्या असं मी कधीच सांगत नाही. तो राहू द्यावा, पत्ता बदलला तर कळवावा, आणि नंबर आल्याची सूचना मिळाल्यावर वर्षभरात हालचाल करावी, नाहीतर अर्ज रद्द होऊ शकतो. हातातलं काम तेवढं करावं. दिलीपरावांच्या जन्मनोंदीत नावाचा रकाना रिकामा होता, घरी जन्मलेल्या पुष्कळांचा असतो. तो भरून घेण्यासाठी आता सुनीताताईच शाळेचा दाखला घेऊन ग्रामपंचायतीत खेपा घालताहेत. बागेचा करार यंदा संपतोय. पुढे द्यायचा की स्वतः करायची, यावर नवराबायकोचं अजून एकमत झालेलं नाही.