क्रोटॉन हिरवं पडलं, कोलियस करपलं, कॅलेडियम 'मेलं': तिघांची दुखणी वेगळी

इंदिरानगरच्या बंगल्यात रंगीत पानांसाठी लावलेल्या तीन झाडांपैकी पूर्वेच्या भिंतीलगत जमिनीतलं क्रोटॉन हिरवं पडतंय, कोलियस मे महिन्यात करपलं आणि कॅलेडियम दिवाळीनंतर गेलं, असं तुम्ही लिहिलंय. खरं काम क्रोटॉनवर आहे.

बऱ्याच जातींत नवं पान हिरवं-पिवळंच फुटतं, लाल-केशरी छटा पान जून होताना चढते. त्यामुळे शेंडा नको, मधली पानं बघा. तीही हिरवी असतील तर एक तर ऊन कमी पडतंय किंवा युरिया जास्त होतोय. रोज चार-पाच तास ऊन हवंच, सकाळचं असेल तर उत्तम. वर आंब्याची वगैरे सावली असेल तर आधी ती फांदी छाटा, खताचं नंतर बघू.

पान पिवळं आणि शिरा हिरव्या दिसल्या तर लोह कमी पडतंय. आपल्या काळ्या मातीत चुनखडी असते, त्यात बोअरचं जड पाणी. लोह मातीत असूनही मुळांना मिळत नाही. नुसता हिराकस (फेरस सल्फेट) टाकला तर तोही तसाच अडकतो. द्राक्षवाले जातात त्या कृषी सेवा केंद्रात ईडीडीएचए प्रकारचं चिलेटेड लोह, म्हणजे मातीत न अडकता मुळांना मिळेल असं लोह, मागा. लिटरला १ ग्रॅम या प्रमाणात विरघळवून बुंध्याशी ओता. ईडीटीए घेऊ नका, चुनखडीच्या मातीत ते टिकत नाही.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे काळ्या मातीत खोल खड्डा घेऊन त्यात भुसभुशीत मिश्रण भरणं. पावसाळ्यात भोवतालची चिकण माती पाणी सोडत नाही, खड्ड्याचा हौद होतो आणि मुळं कुजतात. त्यापेक्षा वीतभर उंच वाफा करा: २ घमेली लाल माती, १ घमेलं कुजलेलं शेणखत, १ घमेलं जाड वाळू, वर दोन मुठी निंबोळी पेंड.

मार्च ते मे पान राखाडी, ठिपक्याठिपक्यांचं दिसलं की उलटून बघा. बारीक जाळी असेल तर लाल कोळी आहे. पाइपने पानांच्या खालून जोरात पाणी मारा, मग लिटरला ५ मिली नीम तेल आणि थोडा लिक्विड सोप, तोही संध्याकाळीच. उन्हात फवारलं तर पान भाजतं.

कोलियसचं जुनं झाड वर्षानुवर्षं धरून ठेवण्यात अर्थ नाही. तुरा दिसला की खुडा, फेब्रुवारीत ४ इंची शेंडे पाण्यात ठेवा; आठ-दहा दिवसांत मुळं सुटतात. ही रोपं उन्हाळाभर सावलीत ठेवा.

कॅलेडियम बहुधा जिवंत आहे, थंडीत त्याचा कंद झोपतो. उकरून बघा, कंद टणक असेल तर पाणी बंद ठेवून मेमध्ये पुन्हा सुरू करा. पिचपिचीत लागला तर टाकून द्या.

कमी कटकटीचं हवं असेल तर उन्हात अकॅलिफा आणि सोनेरी ड्युरांटा, अर्धसावलीत रोहिओ. पांढऱ्या पट्ट्यांच्या कुठल्याही झाडाला पूर्ण हिरवी फांदी फुटली तर ती जिथून फुटली तिथूनच काढा. ती जोमाने वाढून बाकीच्यांना दाबते. क्रोटॉन छाटताना मात्र हातमोजे घाला, चिकाने कातडी चुरचुरते आणि कपड्यावरचे डाग निघत नाहीत.