‘सुट्टीहून परततो ते भांडूनच’

थंडीची चाहूल लागली की समुपदेशक म्हणून ही तक्रार माझ्याकडे हमखास येते. दिवस लहान झालेले असतात, हवा छान पडलेली असते, कुठेतरी बाहेर पडूया असं घरात सगळ्यांनाच वाटत असतं. आणि नेमकी तेव्हाच मागच्या सुट्टीची आठवण डोकं वर काढते. ‘मॅडम, एवढ्या हौसेनं जातो, खर्च करतो, आणि परतताना गाडीत कुणी कुणाशी बोलत नसतं. आमच्याच घरात काही बिनसलंय का?’

ज्या कुटुंबाबद्दल सांगणार आहे, त्यांची ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत. आई-बाबा दोघंही नोकरी करणारे, मुलगी १४ वर्षांची, मुलगा ८ वर्षांचा, आणि सोबत आजी. प्रश्न घेऊन आली ती आई. तिला वाटत होतं की अडचण मुलीची आहे. ती कुठेच रमत नाही, हाक मारली की तोंड वाकडं करते, मोबाईलमधून डोकं काढत नाही. बाबांनाही तसंच वाटत होतं. मोबाईल काढून घ्यावा का, एवढंच त्यांना माझ्याकडून हवं होतं.

मी त्यांना मागच्या सुट्टीचा एक दिवस जसाच्या तसा सांगायला लावलं. बाबांनी त्यांचा फोनच पुढे केला. त्यात तक्ता होता. ५.४५ उठणे. ६.३० सूर्योदयाची जागा. ७.१५ फोटो. ८.०० आवरून खाली. दुपारी जेवणाला पाऊण तास. अशा दहा-बारा नोंदी, आणि शेवटी ‘रात्री सगळ्यांनी मिळून गप्पा’, त्याचीही वेळ ठरलेली. माणूस वाईट नव्हता, उलट फार जीव लावणारा होता. वर्षातून एकदाच मिळणारी रजा वाया जाऊ नये म्हणून तो घड्याळाशी झगडत होता आणि त्याला वाटत होतं की आपण घरच्यांसाठी झगडतोय.

पुढच्या भेटीत सगळ्यांना एकत्र बोलावलं. प्रत्येकाला एकच विचारलं: त्या सुट्टीतलं काय आठवतं? बाबांना दहा मिनिटांनी हुकलेला सूर्यास्त आठवत होता. आईला बॅगा. मुलाला गाडीचं चाक पंक्चर झालं ते, कारण तेवढा वेळ त्याला रस्त्याकडेच्या दगडांवर मनसोक्त उड्या मारता आल्या होत्या. मुलगी गप्प बसली. आजी मात्र म्हणाल्या, ‘मला तर बाई एकच आठवतं, सारखं कुणीतरी चला चला म्हणत होतं.’

मुलगी हसली. त्या खोलीत ती पहिल्यांदाच हसली होती.

नंतर तिच्याशी एकटीशी बोलले. ‘तुला यांच्याबरोबर जायला आवडत नाही का?’ ती म्हणाली, ‘जायला आवडतं. नेलेलं आवडत नाही.’ मी हे वाक्य तिच्या परवानगीनं आई-बाबांना सांगितलं, कारण एवढं नेमकं मला सांगता आलं नसतं.

आता थोडं पहाटेच्या उठण्याबद्दल. वयात येताना मुलांच्या शरीराचं घड्याळ मागे सरकतं. झोप आणणारं मेलाटोनिन त्यांच्या अंगात उशिरा स्रवायला लागतं, म्हणून रात्री झोप लवकर येत नाही आणि सकाळी डोळा उघडत नाही. हा आळस नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१४ मध्ये याच कारणासाठी वरच्या वर्गांच्या शाळा सकाळी ८.३० च्या आधी भरवू नयेत अशी शिफारस केली. थंडीत पांघरूण सोडून पावणेसहाला उठवलेली १४ वर्षांची मुलगी सूर्योदयाच्या जागी हसतमुखानं उभी राहावी, ही अपेक्षाच मुळात अवघड आहे. ८ वर्षांचा मुलगा मात्र तेव्हा टुणटुणीत असतो. दोघांना एका दावणीला बांधलं की एकाचा तरी विरस होणारच.

पण खरी गोम वेगळीच होती, आणि ती आईच्या बॅगांमध्ये होती. मी तिला विचारलं, निघायच्या आधी काय काय केलंस? ती सांगत गेली. चौघांचे स्वेटर, कानटोप्या, मोजे. मुलाची दम्याची औषधं. आजींची गुडघ्याची पट्टी, त्यांच्या गोळ्या दिवसवार. घरातल्या झाडांना पाण्याची व्यवस्था. कपडे वाळवून ठेवणं. परतल्यावर लागणारं सामान आधीच भरणं. बाबा मध्येच म्हणाले, ‘मी मदत करतो की.’ ते खरं होतं. सांगितलेलं ते करत होते. पण काय सांगायचं ते लक्षात ठेवायचं काम तिचंच होतं, आणि दमवतं ते हेच. तिची सुट्टी म्हणजे नुसतं जागा बदललेलं घरकाम होतं. अशी बाई तिसऱ्या दिवशी मुलीच्या वाकड्या तोंडावर भडकणार नाही तर काय करणार?

म्हणजे एकजण सुट्टी चालवत होता, एकजण ती वाहत होती, आणि बाकीच्यांना ती घडत होती. माझ्या अनुभवात सुट्टीतली बहुतेक भांडणं इथून निघतात. मोबाईलवरून निघतात असं दिसतं, कारण तो समोर दिसतो.

आम्ही ठरवलं ते अगदी साधं होतं. जवळचीच मोकळी जागा, दोन रात्री, पाहण्यासारखं काही नाही. ‘पाहण्यासारखं काही नाही’ ही अट मी मुद्दाम घातली. बाबांचा चेहरा पडला. मग प्रत्येकाला एकेक गोष्ट पूर्ण सोपवली. पूर्ण म्हणजे आठवण ठेवण्यापासून निस्तरण्यापर्यंत. चौघांचे आणि आजींचे गरम कपडे बाबांकडे. शेकोटी मुलीकडे: काटक्या, पाणी भरलेली बादली, विझवणं, सगळं. मुलाकडे विजेऱ्या आणि त्यांचे सेल. आजींकडे जेवणाची वेळ ठरवणं, आणि त्यात कुणी हरकत घ्यायची नाही. आईकडे फक्त औषधं, कारण ती दुसऱ्याकडे देण्याची तिची तयारी नव्हती आणि मला ते पटलं.

आजींची काळजी थंडीची होती. मुलाला थंडी बाधेल, सर्दी होईल. सर्दी विषाणूंमुळे होते, नुसत्या गार हवेनं नाही, आणि थंडीत ती जास्त पसरण्याचं एक मोठं कारण म्हणजे आपण खिडक्या लावून एकमेकांच्या श्वासात बसतो, हे मी त्यांना समजावलं. मात्र दमा असलेल्या मुलाला गार कोरड्या हवेत पळापळ केल्यावर धाप लागू शकते, त्या बाबतीत आजी बरोबरच होत्या. डॉक्टरांना विचारून ठेवा, पंप खिशात असू द्या, नाकातोंडावर मफलर घ्या, घामानं ओला झालेला आतला कपडा लगेच बदला. आणि एक गोष्ट मी प्रत्येक कुटुंबाला सांगते, समुपदेशनाशी तिचा संबंध नसला तरी: धगधगती शेगडी किंवा निखारे बंद खोलीत, तंबूत ठेवून झोपू नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. माणूस झोपेतच जातो.

सुट्टी कशी झाली, हे आईनं मला नंतर सांगितलं. पहिली संध्याकाळ वाईट गेली. बाबा मुलाचे मोजे विसरले होते. आईनं एक जोड बॅगेच्या तळाशी लपवून आणला होता, अगदी कुणाला न सांगता. ती म्हणाली, ‘मॅडम, तो जोड काढून दाखवायला हात शिवशिवत होते. पण मी नाही काढला.’ शेवटी मुलानं बाबांचे मोजे घातले, ते त्याच्या गुडघ्यांपर्यंत आले, टाचेचा फुगा पोटरीवर. तो तसाच सगळीकडे नाचत फिरला. बाबांनी काही सबब सांगितली नाही, आपले दुसरे मोजेही त्यालाच देऊन टाकले. तो लपवलेला जोड तसाच परत आला. आईनं न काढलेले हे मोजे मला त्या सुट्टीतली सगळ्यात मोठी गोष्ट वाटतात.

सकाळी मुलगा आणि आजी दवात फिरून आले. मुलगी साडेनऊला उठली, कुणी उठवलं नाही. उठून ती पांघरुणासकट बाहेर येऊन ऊन खात बसली. एवढ्यानंही पुष्कळ काही होतं. उजेड लक्स या एककात मोजतात. घरातल्या दिव्यांचा उजेड साधारण काहीशे लक्स असतो, बाहेर मळभ असलं तरी तो काही हजारांत जातो, आणि स्वच्छ उन्हात त्याच्याही कैक पट. सकाळचा हा उजेड डोळ्यांवाटे मेंदूतल्या घड्याळापर्यंत पोचतो आणि रात्रीची झोप ताळ्यावर यायला मदत करतो. मुलांच्या डोळ्यांनाही बाहेरचा वेळ मानवतो. चीनमधल्या ग्वांगझू शहरात शाळकरी मुलांना रोज ४० मिनिटं जादा बाहेर काढून पाहिलं. ३ वर्षांत त्यांच्यातल्या ३०.४ टक्के मुलांना दूरचं अंधुक दिसू लागलं, तर बाहेर न काढलेल्या गटात हा आकडा ३९.५ टक्के होता. हे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. तेव्हा ‘नुसतं उन्हात बसायला एवढ्या लांब आलो का?’ या बाबांच्या प्रश्नाला माझं उत्तर ‘हो’ असं आहे.

संध्याकाळी शेकोटीपाशी मुलगी काटक्या सारत होती, बाबा तिच्या शेजारी लाकडं पुढे करत होते. दोघांचेही डोळे जाळाकडे. आणि ती मैत्रिणींबद्दल बोलायला लागली. गटातून तिला बाजूला काढलं होतं, दोन महिने झाले होते. घरात कुणाला पत्ता नव्हता. वयात आलेलं मूल समोर बसवून ‘बोल, काय झालं’ म्हटलं की मिटतं. शेजारी बसून, हाताला काहीतरी काम असताना, नजर दुसरीकडे असताना ते आपणहून बोलतं. बाबांना लगेच उपाय सांगायचा होता, त्यांनी तसं मला कबूल केलं. पण नेमकं एक ओलं लाकूड धुमसायला लागलं आणि ते धुरानं खोकत राहिले. त्या खोकल्याचे आभार मानायला हवेत, कारण तेवढ्या वेळात ती आणखी बोलली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मोबाईलवरून वाजलंच. जेवताना तो बाजूला ठेव असं आई म्हणाली, मुलगी म्हणाली की बाबापण बघतात. ते खरं होतं. दोघांचेही फोन आजींच्या पिशवीत गेले, तेही फक्त जेवणापुरते. यातून फार मोठी क्रांती झाली असं नाही.

परतण्याबद्दल मी एक सूचना केली होती: शेवटच्या दिवशी काही पाहायचं ठेवू नका, सगळे ताजे असतानाच निघा. याला आधार आहे. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमान आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांनी एकदा १४ अंश सेल्सिअसच्या गार पाण्यात ६० सेकंद हात बुडवला. दुसऱ्यांदा तेच ६० सेकंद, आणि वर आणखी ३० सेकंद, ज्यात पाणी हळूहळू १५ अंशांपर्यंत आणलं. पुन्हा कोणतं करायचं असं विचारल्यावर बहुतेकांनी जास्त वेळ चाललेलं निवडलं, कारण त्याचा शेवट जरा सुसह्य होता. आपली आठवण मिनिटं मोजत नाही, शेवट धरून ठेवते. सगळे पेंगुळलेले, अंधारून आलेलं, शेवटचं एक ठिकाण उरकायचंच म्हणून रेटलेलं, असा शेवट झाला की अख्खी सुट्टी तशीच आठवते.

मला बरेचजण विचारतात की मुलं कंटाळली तर? कंटाळू द्या. पहिला अर्धा दिवस ती कंटाळणारच, तेवढ्यात घाबरून कार्यक्रम काढू नका. दुसरा प्रश्न थोडा दबक्या आवाजात येतो: इतरांचे फोटो पाहून वाटतं की आपण मुलांना काहीच दाखवत नाही. नेदरलँड्समध्ये १५३० प्रौढांवर झालेल्या, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की सुट्टीला जाणारे लोक जाण्याआधी इतरांपेक्षा जास्त खुशीत असतात. परतल्यावर मात्र त्यांच्यात आणि न गेलेल्यांत फरक उरत नाही. अपवाद एकच, ज्यांची सुट्टी अगदी निवांत झाली त्यांचा. म्हणजे फोटोतलं ठिकाण कुठलं याची फार चिंता नको. आधीचे दोन आठवडे मुलांना बेत आखू द्या, विजेऱ्या तपासू द्या, भांडू द्या कोण कुठे झोपणार यावर. मजेचा मोठा वाटा तिथेच असतो, आणि त्याला रजा लागत नाही.

मात्र मूल दोन आठवड्यांहून जास्त काळ उदास असेल, झोप-भूक बिघडली असेल, आवडत्या गोष्टींतूनही मन उडालं असेल, तर सुट्टीवर भिस्त ठेवू नका, तज्ज्ञांना दाखवा. नवरा-बायकोतली जुनी अढीसुद्धा दोन रात्रींत सुटत नाही. उलट एकाच खोलीत ती जास्त टोचते.

हे कुटुंब नंतरही येत राहिलं, मुख्यतः मुलीच्या मैत्रिणींच्या प्रश्नासाठी. त्यातल्या एका भेटीत बाबांनी विचारलं, ‘पुढच्या वेळी चार रात्री करायच्या का? मी एक साधा तक्ता केलाय.’ मुलगी म्हणाली, ‘बाबा, दोनच. आणि तक्ता मी करते.’ तिचा तक्ता मी पाहिला. त्यात कोणी काय आणायचं एवढंच होतं, आणि मोज्यांपुढे पुन्हा बाबांचंच नाव.