घर सहा माणसांचं, गाडी दोन सीटची

वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा: वय ४२, नाशिकच्या अंबड एमआयडीसीत सीएनसी जॉबवर्कचा (संगणकावर चालणाऱ्या यंत्रांवर इतरांचे सुटे भाग करून देण्याचा) छोटा कारखाना. घरी आई-वडील, पत्नी, नववीतली मुलगी आणि चौथीतला मुलगा. २०१८ची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस आहे, तिचं कर्ज फिटलेलं; शिवाय पत्नीची वॅगनआर. गेल्या वर्षी इंग्लंडला मेव्हण्याची माझ्दा एमएक्स-५ चालवली, तेव्हापासून टर्बो सेदानमध्ये मन लागत नाही. दिल्लीत २०१२ची बीएमडब्ल्यू झेड४ एसड्राइव्ह ३५आय ही रोडस्टर (दोन सीटची, छप्पर उघडणारी गाडी) २७ लाखांना मिळते आहे. ऑक्टाव्हियाचे डीलर १७ लाख देतो. वरचे १० लाख पर्सनल लोन, १३.५ टक्क्यांनी, चार वर्षांसाठी. रविवारपर्यंत टोकन द्यायचं आहे. गाडी कारखान्याच्या नावावर घ्यावी का, हेही विचारलं आहे.

नमस्कार,

रविवारी टोकन देऊ नका. कारणं सविस्तर सांगतो, कारण तुमच्या पत्रात हौस आहे तशी समजही आहे, आणि नुसतं ‘नको’ म्हणून तुमचं समाधान होणार नाही.

आधी गाडीबद्दलच बोलू. तुम्ही लिहिलंय की माझ्दा वळणावर ‘अंगाला चिकटल्यासारखी’ वाटली, ताकद कमी असूनही मजा जास्त आली. ती मजा वजनाची होती. एमएक्स-५ १९८९पासून याच एका विचारावर बनते आहे: छोटं इंजिन, मागच्या चाकांना ताकद, दोन सीट, कापडी छप्पर आणि साधारण एक टन वजन. जगाला ते इतकं आवडलं की २०१६ मध्ये दहा लाखावी गाडी कारखान्यातून बाहेर पडली. पण माझ्दाने ती भारतात कधीच विकली नाही. जुनी आणायची म्हटली, तर तीन वर्षांपेक्षा जुनी गाडी आयात करता येत नाही. तीन वर्षांच्या आतली आणली, तरी ती फक्त मुंबई बंदरातून येते आणि सगळे कर धरून मूळ किमतीएवढी किंवा त्याहून जास्त रक्कम वर भरावी लागते. मेव्हण्याची गाडी नाशिकला आणायचा विचार मनात आला असेल, तर तो रस्ता इथेच बंद होतो.

म्हणून तुम्ही झेड४कडे वळलात. आता दोन्ही गाड्यांची माहितीपत्रकं शेजारी ठेवून बघा. तुमची ऑक्टाव्हिया आरएस दीड टनाच्या आतली आहे. ही झेड४ दीड टनाच्या वर जाते, कारण तिचं छप्पर कापडी नाही. धातूचं आहे, ते मोटर आणि हायड्रॉलिकवर घडी होऊन डिकीत बसतं. शिवाय ३५आय म्हणजे तीन लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन, त्याला दोन टर्बो, ३०६ अश्वशक्ती. म्हणजे जड टर्बो गाडीचा कंटाळा आला म्हणून तुम्ही तिच्याहून जड आणि एक टर्बो जास्त असलेली गाडी घेताय. झेड४ देखणी आहे, सरळ रस्त्यावर जबरदस्त पळते, यात वाद नाही. पण इंग्लंडमध्ये तुम्हाला जे सापडलं, ते या २७ लाखांत येत नाही. माझा सगळ्यात मोठा आक्षेप हाच आहे, आणि तो पैशाच्या आधीचा आहे.

(खरोखर हलकी, दोन सीटची, भारतात बनलेली गाडी एकदा झाली होती: गोव्याची सॅन स्टॉर्म. फायबरची बॉडी, छोटं रेनॉ इंजिन. आज ती घ्यायची तर सुट्या भागांच्या शोधातच आयुष्य जाईल, म्हणून सुचवत नाही. पण तुमच्यासारख्या माणसाला तिची आठवण करून दिल्याशिवाय राहवलं नाही.)

आता पैसे. दहा लाख, साडेतेरा टक्के, ४८ महिने: हप्ता साधारण २७,१०० रुपये आणि एकूण परतफेड १३ लाख. पर्सनल लोन का घ्यावं लागतंय, हे लक्षात घ्या. इतक्या जुन्या गाडीवर बँका सहसा वाहन कर्ज देत नाहीत. धंद्यात एखाद्या यंत्रावर बँकेने तारण घ्यायला नकार दिला, तर तुम्ही ते यंत्र घेण्याआधी दोनदा विचार करता ना? इथेही करा.

हप्त्याच्या पलीकडे दुरुस्तीची तरतूद आहे. या वयाच्या, आयात होऊन आलेल्या गाडीसाठी मी वर्षाला दीड लाख बाजूला ठेवायला सांगतो. एखाद्या वर्षी त्यातले वीस हजारच लागतील, एखाद्या वर्षी सगळे जातील. या इंजिनाचा उच्च दाबाचा फ्युएल पंप ही जगभर माहीत असलेली दुखरी जागा आहे, आणि आता पंपावर मिळतं ते वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल, जे २०१२ची गाडी बनवताना कुणी गृहीत धरलेलं नव्हतं. छपराची यंत्रणा वेगळीच. तिचा एखादा सिलिंडर गळायला लागला, तर दुरुस्त करणारा अनुभवी हात शोधण्यापासून सुरुवात करावी लागते. ऑक्टाव्हिया मात्र संभाजीनगरजवळ शेंद्र्याला जुळवली जायची. तिच्यावर काम केलेले मेकॅनिक आपल्या भागात भरपूर आहेत. हा फायदा आज तुम्हाला फुकट मिळतो, म्हणून त्याची किंमत कळत नाही.

तुमच्या घरखर्चात हे बसवून पाहिलं. महिन्याला सरासरी २.२५ लाख घरी येतात. त्यातून घरकर्जाचा हप्ता ३८,०००, घर आणि शाळा मिळून १.१० लाख, एसआयपी ३०,०००. हाती उरतात ४७,०००. झेड४चा हप्ता आणि दुरुस्तीची तरतूद मिळून ३९,६०० होतात. उरले सात हजार. सरासरी महिन्यात हे कसंबसं जमतं. पण तुम्हीच लिहिलंय की गेल्या वर्षी चार महिने ऑर्डरी आटल्या आणि तुम्ही कारखान्यातून १.४० लाखच उचलू शकलात. त्या महिन्यांत आजच्याच खर्चाला ३८,००० कमी पडले होते आणि तुम्ही एफडी मोडली. हा नवा बोजा त्यावर आला, तर तूट ७७,००० च्या वर जाते. एफडीत आता सहा लाख आहेत. असे दुसऱ्यांदा चार महिने आले, तर त्यातले निम्मे संपतील, आणि तेव्हा मुलगी बारावीच्या आसपास असेल. कर्ज संपायच्या आधीच तिचं कॉलेज सुरू होणार आहे, हे वेळापत्रक मला सगळ्यात जास्त खटकतं.

एक गोष्ट तुमच्या बाजूने सांगतो, कारण ती खरी आहे. जपलेल्या झेड४ची किंमत चार वर्षांत कोसळेल असं मला वाटत नाही. हौशी लोक अशा गाड्या शोधत असतात. तुमचा ‘पैसे बुडत नाहीत’ हा मुद्दा बऱ्याच अंशी बरोबर आहे. पण पैसे अडकतात, आणि धंदेवाल्या माणसाला अडकलेला पैसा बुडालेल्या पैशाइतकाच महाग पडू शकतो. कामगारांच्या पगाराचे १० तारखेला लागणारे दोन लाख गाडीच्या छपरातून निघत नाहीत.

शिवाय तुमच्या हिशोबात न आलेली एक गाडी आहे. आज दोन गाड्यांत दहा सीट आहेत. बदल झाल्यावर सात राहतील आणि घरात माणसं सहा. कागदावर पुरतात. प्रत्यक्षात वणीला सप्तशृंगीच्या दर्शनाला किंवा गावी लग्नाला जाताना चार जण वॅगनआरमध्ये आणि एक तुमच्या शेजारी, शिवाय सामान. वडिलांच्या गुडघ्यांचं तुम्ही लिहिलंय. झेड४च्या सीटमधून त्यांना उठवणं म्हणजे दर वेळी दोघांचं काम. माझा अंदाज असा की वर्षाच्या आत एर्टिगासारखी सात सीटची गाडी दारात येईल, आणि ती पुन्हा कर्जावर. तेव्हा रोडस्टरचा खरा खर्च २७ लाख नाही, त्यात ही गाडीही धरावी लागेल.

दिल्लीची गाडी म्हणून आणखी काही खर्च येतात. महाराष्ट्रात पुन्हा नोंदणी करताना वाहन कर भरावा लागतो, तो आजच्या २७ लाखांवर नाही, मूळ किमतीवर, गाडीच्या वयानुसार घटवून; आणि आयात गाडीला कराचा दर देशी गाडीपेक्षा चढा असतो. दिल्लीचा भरलेला कर प्रमाणात परत मिळू शकतो, पण तो मागत बसावा लागतो. दिल्ली परिसरात पेट्रोल गाडीला पंधरा वर्षांची मर्यादा घातली गेली होती, म्हणून तिथे या वयाच्या गाड्या स्वस्त वाटतात. २०२७ मध्ये ही गाडी पंधरा वर्षांची होईल. तेव्हा फिटनेस तपासणी, पर्यावरण कर आणि आयात चारचाकी म्हणून नोंदणी नूतनीकरणाचे ४०,००० रुपये. देशी गाडीला हेच ५,००० मध्ये होतं.

कारखान्याच्या नावावर घेऊ नका. प्रवासी गाडीवरच्या जीएसटीचं इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेला कर धंद्याच्या करातून वजा करायची सोय) तुमच्या धंद्यात मिळत नाही. घसारा १५ टक्के, तोही धंद्यासाठी जितका वापर तितकाच. दोन सीटच्या गाडीतून तुम्ही माल पोचवता हे कुणाला पटवणार? पुढे विकताना नफ्याच्या रकमेवर १८ टक्के जीएसटी लागू शकतो. ऑक्टाव्हिया तुमच्या स्वतःच्या नावावर आहे, ते उत्तम आहे. वैयक्तिक वापराची गाडी विकून फायदा झाला तरी भांडवली नफ्याचा कर नाही.

मग हौसेचं काय? ती मारा असं मी कुणालाच सांगत नाही. माझं मत असं आहे: रोडस्टर घरातली तिसरी गाडी म्हणून, रोख पैशातून परवडेल तेव्हाच घ्या. सेदान विकून नाही. त्यासाठी आज एक वेगळं खातं उघडा आणि दर महिन्याला २७,००० त्यात टाका, जणू हप्ता सुरूच झालाय. लिक्विड फंडात (कमी जोखमीच्या, लगेच पैसे काढता येणाऱ्या म्युच्युअल फंडात) टाकले तर दोन वर्षांत पावणेसात ते सात लाख होतील. मंदीच्या महिन्यांतही हा हप्ता चुकला नाही, तर तुमच्या घराला ही हौस झेपते हे तुम्हाला आणि पत्नीलाही दिसेल. चुकला, तर कर्ज न घेता ते कळलं. दरम्यान एफडी सहा लाखांवरून किमान बारावर न्या. मुलीच्या पहिल्या दोन वर्षांची फी म्युच्युअल फंडातून काढून सुरक्षित जागी ठेवा. तीन वर्षांत लागणारा पैसा शेअर बाजारात ठेवायचा नसतो.

त्या दोन वर्षांत तुम्ही काय गमावणार आहात, तेही पाहू. नाशिकमध्ये छप्पर उघडून फिरायचे दिवस म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या सकाळी: गंगापूर धरणाकडचा रस्ता, दिंडोरी-वणीमार्गे सापुतारा. ते सुख खरं आहे. पण मार्चपासून उन्हाचा तडाखा, जूनपासून पाऊस, आणि आता सिंहस्थाच्या तयारीत शहरभर रस्त्यांची कामं. २०२७चा कुंभ उरकेपर्यंत खाली बसणाऱ्या गाडीला या शहरात सुखाचे दिवस कमीच मिळतील. वाट पाहण्याची किंमत आत्ता सर्वात कमी आहे.

ऑक्टाव्हियावर थोडा खर्च जरूर करा. सहा गिअरच्या डीएसजीचं (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं) तेल ६०,००० किलोमीटरला बदलायचं असतं; तुमची गाडी ६४,००० झाली आहे आणि पत्रात त्याचा उल्लेख नाही. ते आधी करा. चांगले टायर, ब्रेक पॅड, अलाइनमेंट. हे सगळं करून झाल्यावर एका रविवारी पहाटे सापुताऱ्याचा घाट चढा आणि मग मला सांगा की गाडी कंटाळवाणी झाली होती की थकली होती. इंग्लंडला पुढच्या वेळी जाल, तेव्हा एमएक्स-५ आठवडाभर भाड्याने घ्या. दिल्लीच्या गाडीच्या एका वर्षाच्या दुरुस्तीपेक्षा ते स्वस्त पडेल, आणि गाडीही तुम्हाला हवी तीच असेल.

तुम्ही लिहिलंय की पत्नीला अजून काही सांगितलेलं नाही. या पत्राची प्रत त्यांना वाचायला द्या. घरकर्जात त्यांचंही नाव आहे आणि मुलीच्या फीची काळजी त्या एकट्या करत असतील, तर तेही बरोबर नाही.

आणि एवढं सगळं ऐकून पुढेमागे ऑक्टाव्हिया विकायची वेळ आलीच, तर दोन गोष्टी करा. डीलरच्या १७ लाखांवर थांबू नका. पूर्ण सर्व्हिस रेकॉर्ड असलेली आरएस शोधणारे लोक थेट घेतात आणि जास्त देतात. विमा कंपनीकडून नो क्लेम बोनसचं पत्र मात्र विक्रीच्याच दिवशी मागून घ्या. तो बोनस गाडीचा नसतो, तुमचा असतो; तीन वर्षांच्या आत पुढच्या गाडीला लावता येतो, आणि पाच वर्षं क्लेम न केलेल्या माणसाला स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यात निम्मी सूट मिळते.