१४ लाखांच्या पॅकेजआधी टर्म इन्शुरन्स

नाशिकहून एका वाचकाचं पत्र आलंय. वय ३६, मुलगा साडेतीन वर्षांचा, पाच महिन्यांपूर्वी ऑटिझमचं निदान. एका सेंटरने बिहेवियर थेरपीचं, म्हणजे एबीएचं, पॅकेज सांगितलंय: आठवड्याला ३० तास, दोन वर्षं, १४ लाख आगाऊ. माहितीपत्रकात ‘४७ टक्के मुलं नॉर्मल होतात’ असं छापलंय. ते विचारतात, गृहकर्जावर टॉप-अप घेऊ की म्युच्युअल फंड मोडू?

दोन्ही नको. पण पत्रात शेवटी तुम्ही सहज लिहिलंय, ‘मुलाच्या भविष्यासाठी दोन पॉलिसी आहेतच.’ मला खरी काळजी त्या ओळीची वाटते.

आधी ते ४७ टक्के. हा आकडा कॅलिफोर्नियातल्या इव्हार लोव्हास यांच्या १९८७च्या अभ्यासातला. आठवड्याला ४० तास थेरपी घेतलेली १९ मुलं, त्यांतली ९. कोणतं मूल या गटात आणि कोणतं तुलनेच्या गटात, हे चिठ्ठ्या टाकून नव्हे, तर थेरपिस्ट मोकळा आहे का यावर ठरलं. जोरात ‘नाही’ म्हणणं, प्रसंगी मांडीवर चापट मारणं हाही त्या थेरपीचा भाग होता. एवढ्या जोरावर आज एका घाबरलेल्या बापाकडे १४ लाख मागितले जातात, याचा मला संताप येतो.

वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१८च्या आढाव्यात पाच अभ्यास, २१९ मुलं होती. बुद्ध्यांक आणि रोजचं वागणं यांत सुधारणा दिसली, पण पुरावा कमकुवत. ऑटिझमची तीव्रता कमी झाल्याचं दिसलं नाही. २०२४ मध्ये संशोधकांनी १४४ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा ‘जास्त तास, जास्त फायदा’ याला भक्कम आधार मिळाला नाही. म्हणजे थेरपी करूच नका असं नाही. ३० तासांचा आग्रह मात्र सोडा. गोवा आणि रावळपिंडीत ६५ मुलांवर झालेल्या, २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत प्रशिक्षित स्थानिक कार्यकर्त्यांनी आई-वडिलांनाच बारा सत्रांत शिकवलं. पालकांचा प्रतिसाद सुधारला आणि मुलं आपणहून जास्त संवाद साधू लागली.

हिशेब करू. १४ लाख, ९ टक्के, दहा वर्षं: हप्ता पावणेअठरा हजार, व्याजच सव्वासात लाख. उलट तासाला ५०० रुपये धरून आठवड्याला दहा तास घेतले, तर महिना २० हजार. खिशाला भार जवळपास तेवढाच, पण उपयोग होत नसेल किंवा मूल रोज रडत जात असेल तर पुढच्या महिन्यात थांबवता येतं. आगाऊ भरलेले पैसे परत मिळवताना पालकांची काय दमछाक होते, ते मी पाहिलंय.

आता त्या पॉलिसी. दोन एंडोमेंट (विमा आणि बचत एकत्र असलेल्या), वर्षाला ९६ हजार प्रीमियम, मिळून विमा ११ लाख. घरखर्च महिना ४५ हजार, म्हणजे उद्या तुम्ही नसाल तर दोन वर्षं निघतील. शिवाय तुम्ही असलात, तर दोन्हींचे मुदतीअखेरचे पैसे मुलगा १८ वर्षांचा झाल्यावर येणार. ज्या मुलाला कदाचित साठाव्या वर्षीही आधार लागेल, त्याच्या बापाला ही पॉलिसी विकणाऱ्याने त्याचा काडीचाही विचार केलेला नाही. आणि तुमची सगळी योजना ‘दोन वर्षांत बरा होईल’ यावर उभी आहे. ऑटिझम हा बरा होणारा आजार नाही. मुलगा खूप शिकेल, बदलेल, पण पैशांची तजवीज त्याला आयुष्यभर मदत लागेल असं धरूनच करायची.

या महिन्यात दीड कोटीचा टर्म इन्शुरन्स, म्हणजे मुदतीत तुम्ही गेलात तरच पैसे देणारा निव्वळ विमा, घ्या. तुमच्या वयाला, धूम्रपान नसेल तर, वर्षाला वीस-पंचवीस हजारांच्या आसपास बसेल. एंडोमेंट पेड-अप होत असतील, म्हणजे पुढचे हप्ते थांबवून कमी रकमेवर चालू ठेवता येत असतील, तर करून टाका; वाचलेला प्रीमियम थेरपीला जाईल. अपंगत्व प्रमाणपत्र आणि यूडीआयडी, म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र, काढा, नॅशनल ट्रस्ट या सरकारी संस्थेच्या निरामय आरोग्य विम्यात नाव घाला. प्रमाणपत्रात अपंगत्व ४० टक्के किंवा जास्त असेल तर आयकरात किमान ७५ हजारांची वजावट मिळते, पण फक्त जुन्या करप्रणालीत; दोन्हीकडचा कर मोजून बघा. मुलगा १८चा झाला की तुमचं पालकत्व आपोआप चालू राहत नाही, जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे अर्ज करावा लागेल. त्याला वेळ आहे.

मृत्युपत्राला मात्र नाही. दोघांनी आपापलं करा, आणि मुलाचा वाटा त्याच्या हातात थेट न देता त्याच्यासाठी केलेल्या खासगी ट्रस्टकडे जाईल असं लिहा. टर्मचा फॉर्म भरताना नॉमिनी म्हणूनही त्याचं नाव घालू नका. एमडब्ल्यूपी, म्हणजे विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या कायद्याखालचा फॉर्म मागून घ्या, पत्नीला लाभार्थी करा आणि ट्रस्टी म्हणून कुणाला नेमायचं ते आज रात्री दोघांनी बसून ठरवा.