आमदारांना निवेदन देताय? आधी गट नंबर तीनदा तपासा (लांबलंय, पण वाचा)

ताई, तुमची पोस्ट सकाळी वाचली आणि दिवसभर डोक्यातनं गेली नाही. ओढ्याला काळं पाणी, विहिरीला वास, बंधाऱ्यावर मासे तरंगलेले, आणि आमदारसाहेब म्हणालेत "निवेदन द्या, अधिवेशनात मांडतो", तर आता निवेदनात काय लिहू असं तुम्ही विचारलंय. अगदी हेच आमच्याकडं झालंय काही वर्षांपूर्वी. करवीर तालुकाच, ओढा वेगळा, पाणी शेवटी पंचगंगेलाच.

सह्या, पोच, फोटो हे तुम्ही करणारच, त्यावर लिहीत नाही. आमचं जिथं वाटोळं झालं तेवढंच सांगतो.

फेब्रुवारीत मासे मेले. गावातल्या पोरांनी चार दिवसांत तीनशे सह्या गोळा केल्या, मी निवेदन लिहिलं, आणि रागाच्या भरात सगळंच त्यात घातलं: मळीमिश्रित पाणी, रात्रीचा धूर, गायरानातलं अतिक्रमण, पाणंद रस्त्याची वाट लावणारे ट्रक. कारखान्याच्या ज्या शेडमधनं पाणी सुटत होतं तिचा गट नंबर मी गावातल्या एकाला विचारून लिहिला. सातबारा काढून बघितला नाही. चूक माझीच, आज पण आठवलं की झोप लागत नाही.

आमदारांनी शब्द पाळला हे आधी सांगतो. त्यांनी पावसाळी अधिवेशनाला तारांकित प्रश्न टाकला, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा प्रश्न. त्याचा साचा ठरलेला असतो, "अमुक गावी अमुक गटातील कारखान्यातून सांडपाणी सोडले जात आहे, हे खरे आहे काय", मग "असल्यास चौकशी केली आहे काय, चौकशीत काय आढळून आले, त्यानुषंगाने कोणती कार्यवाही केली", आणि शेवटी "नसल्यास विलंबाची कारणे काय आहेत". मंत्र्यांचं उत्तर आलं: हे खरे नाही. सदर गटात असा कोणताही उद्योग आढळून आला नाही. आणि खालच्या सगळ्या भागांना एकच ओळ, प्रश्न उद्भवत नाही.

त्यांचं उत्तर कागदावर बरोबरच होतं हो. मी लिहिलेला गट शेजारचा, तिथं ऊस उभा होता.

आता हे नीट समजून घ्या, कारण मला हे दोन वर्षं कुणी सांगितलं नव्हतं. आमदारांचा प्रश्न मंत्रालयात जातो, तिथनं विभाग खाली माहिती मागवतो, आणि ती माहिती लिहून पाठवतं तेच प्रदूषण नियंत्रण मंडळाचं ऑफिस ज्याच्या ढिलाईविरुद्ध तुमची तक्रार आहे. त्या ऑफिसला शेड कुठं आहे हे पक्कं माहीत होतं, त्यांचा माणूस आमच्याबरोबर ओढ्याच्या काठानं चालत गेला होता. तरी त्यांनी गट नंबरची चूक धरून हात झटकले. नाव घेत नाही, घेऊन उपयोग नाही, पण ज्यांनी गाव बघितलंय त्यांनी असं लिहावं याचा राग अजून आहे. त्यानंतर जिथं जाईन तिथं टेबलावर ती प्रत यायची, "साहेब, सभागृहात उत्तर झालंय की". आमच्याच आमदारांनी आमच्यासाठी विचारलेला प्रश्न आमच्याच विरोधात पुरावा झाला.

याच ऑफिसचं दुसरं. मासे मेले त्या सकाळी फोन केला, नमुना घ्यायला या म्हणून. गाडी नाही म्हणाले. आले चौथ्या दिवशी, तोवर वरनं पाणी सुटलेलं आणि ओढा वाहून निवळलेला. नमुना घेतला तो निवळ पाण्याचा. आम्ही पहिल्या दिवशी बिसलेरीच्या बाटलीत भरून खासगी लॅबला दिलेलं पाणी कुणी हातात धरलं नाही. ते का, तर १९७४ च्या पाणी कायद्यात कलम २१ आहे, त्याप्रमाणे अधिकार असलेल्या अधिकाऱ्यानंच, समोरच्याला नोटीस देऊन, नमुन्याचे भाग करून सील करून घ्यायचा असतो, नाहीतर कोर्टात तो पुरावा धरत नाहीत. (मी वकील नाही, शेतकरी आहे, आमच्या वकिलांनी सांगितलेलं सांगतोय, तुमच्या वकिलांना विचारून घ्या.) म्हणून खासगी लॅबच्या हजारो रुपयांपेक्षा त्याच सकाळी तलाठी किंवा ग्रामसेवकांना बोलावून पंचनामा करा, तारीख वेळ टाकून, आणि त्याची प्रत हातात घेतल्याशिवाय उठू नका.

तर निवेदन. एकच विषय, फक्त पाणी. गट नंबर नवा सातबारा काढून लिहा, पोटहिस्सा (गटाचा पाडलेला भाग) असेल तर तोही लिहा, आणि गटाच्या जोडीला खूण द्या, "अमुक पुलापासून अंदाजे इतक्या मीटरवर ओढ्याच्या डाव्या काठाला", म्हणजे नंबर चुकला तरी जागा चुकत नाही. तारखा लिहा. "वारंवार", "सर्रास", "राजरोसपणे" असले शब्द काढून टाका, त्यांच्यावर "हे खरे नाही" लिहायला लई सोपं जातं. माझं तर म्हणणं आहे की निवेदनाच्या मागं तो प्रश्नच साच्यात लिहून जोडावा. पीएंचं काम हलकं होतं आणि शब्द आपले राहतात. पीएंशी नीट बोला, सगळे कागद त्यांच्याच हातून पुढं जातात.

वेळेचं पण बघा. तारांकित प्रश्न अधिवेशनाच्या कितीतरी आधी द्यावा लागतो, आयत्या वेळी नाही. अधिवेशन चालू असताना काही घडलं तर लक्षवेधी (तातडीच्या विषयाकडं मंत्र्यांचं लक्ष वेधणारी सूचना) मागा, विधानसभेत ती नियम १०५ खाली असते, त्यात मंत्र्यांना उभं राहून निवेदन करावं लागतं आणि आमदारांना उलट विचारता येतं. आणि आमदार म्हणजे फक्त विधानसभेचेच असं धरून बसू नका. विधान परिषदेत पुणे विभागाचे पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघाचे सदस्य आहेत, कोल्हापूर जिल्हा त्यात येतो, गावातले शिक्षक मतदार आहेत त्यांना घेऊन जावा. मंत्री सभागृहात "तपासून कार्यवाही करू" एवढं जरी म्हणाले तरी ते वाक्य तारखेसह जपून ठेवा, ते आश्वासन समितीकडं, म्हणजे मंत्र्यांनी दिलेला शब्द पाळला का ते बघणाऱ्या विधिमंडळाच्या समितीकडं, नेता येतं.

आता काही लोक खाली लिहितील की आमदार-बिमदार काही करत नाहीत, थेट कोर्टात जा. मला हे पटत नाही. आमदार काही इन्स्पेक्टर नव्हे, त्यांच्या हातात एकच मोठी गोष्ट आहे, सरकारला सहीनिशी उत्तर द्यायला लावणं, आणि ती लहान नाही. आपल्या कोल्हापूरनं एन. डी. पाटील सरांना बघितलंय. विधान परिषदेत अठरा वर्षं, पुढं विधानसभेत कोल्हापूरचे आमदार, आणि म्हातारपणी टोलच्या आंदोलनात रस्त्यावर. सभागृह आणि रस्ता दोन्ही लागतं, आणि दोन्हीकडं हातात पक्का कागद लागतो. कुठल्या पक्षाचा आमदार याला मी फार महत्त्व देत नाही. हे माझं मत, दुसऱ्या कुणाचा अनुभव वेगळा असेल.

पण सभागृहाच्या उत्तराची वाट बघत बसलो ही आमची दुसरी मोठी चूक. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात (पर्यावरणाच्या दाव्यांचं कोर्ट), पुण्याला खंडपीठ आहे, त्याच्या कायद्याच्या कलम १४ खाली अर्ज करायला कारण पहिल्यांदा घडल्यापासून सहा महिने असतात, पुरेसं कारण दिलं तर वर साठ दिवस. आमचे मासे फेब्रुवारीत मेले, उत्तर पावसाळ्यात आलं, पुढं ऑफिसच्या फेऱ्या, आणि वकिलांकडं गेलो दिवाळी झाल्यावर. त्यांनी बोटावर महिने मोजले आणि फाईल बंद केली. उलट बाजू पण सांगतो, कोर्टात गेलं की विषय न्यायप्रविष्ट म्हणून सभागृहात अडवतात, म्हणून क्रम आधी ठरवा, आमदारांना पण स्पष्ट सांगा की अमुक तारखेपर्यंत वाट बघणार, मग आम्ही जाणार.

मधल्या काळात माहिती अधिकार टाका. महाराष्ट्रात अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयाचा लागतो, दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प. "कारवाई का केली नाही" असं विचारू नका, कागद मागा: पाहणी अहवाल, नमुन्याचा रिपोर्ट, नोटिसा, कारखान्याला प्रदूषण मंडळानं दिलेल्या संमतीपत्राची प्रत. तीस दिवसांत आलं नाही तर लगेच पहिलं अपील. ग्रामसभेचा ठराव पण घ्या, सह्यांच्या गठ्ठ्यापेक्षा त्याला वजन आहे, आमच्यावेळी मी तो घेतलाच नाही.

आणि ताई, विहिरीचं पाणी पिणं आजच थांबवा, जनावरांना पण देऊ नका. इचलकरंजीत २०१२ ला काविळीची साथ आली तेव्हा माणसं दगावली. ओढ्याचं पाणी खाली शिरोळकडं जातं, तेरवाड बंधाऱ्यावर मेलेल्या माशांचा खच पडतो तो आपण पेपरात वाचतो, त्या गावांतली माणसं आपल्या आधीपासनं लढतायत, त्यांच्याशी एकदा बोला.

मसुदा लिहून झाला की इथंच टाका, मी ओळ न् ओळ बघून देतो. पण तुमच्या पोस्टमध्ये तारीख दिसली नाही. पहिल्यांदा मासे कधी मेले ते आज रात्रीच कळवा, सहा महिने तिथनं मोजायचेत.